समुद्राखालचा चार्जर: घारापुरीची केबल आणि गोव्याची ‘माया’

गोरेगावातून बोलतोय. आवाज येतो म्हणून पंखा बंद केलाय, तेव्हा हा एपिसोड अक्षरशः घाम गाळून बनलाय.

सुरुवात घारापुरीपासून. आपण ज्याला एलिफंटा म्हणतो तेच बेट. गेटवेवरून लाँच पकडली की तासाभरात पोचतो. तिथे कायमची वीज कधी आली माहितीये? 22 फेब्रुवारी 2018 ला! त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, की परत अंधार. महावितरणने समुद्रतळातून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकली, तेव्हा कुठे राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर उजळले.

बेट जागचं हलत नाही, म्हणून केबल चालते. पण पाण्याखाली फिरणाऱ्या यंत्राचं काय?

गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, 1966 मध्ये स्थापन झालेली. तिथल्या लोकांनी 2000 च्या दशकात ‘माया’ नावाचं यंत्र बनवलं. टॉर्पेडोसारखा आकार, लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास. आत माणूस नाही, मागे वायर नाही. आपापलं पाण्यात उतरायचं, मोजमापं घ्यायची आणि वर यायचं. पण बॅटरी सहा-सात तासांची. म्हणजे काम संपलं म्हणून नाही, तर चार्ज संपला म्हणून परत फिरायचं. आर्गो फ्लोटची गोष्ट तर अजून वाईट. जगभरच्या समुद्रात असे हजारो फ्लोट आहेत, आपल्या हवामान अंदाजांनाही त्यांची मदत होते. काही वर्षांनी बॅटरी संपते आणि बहुतेक फ्लोट समुद्रातच राहतात.

मग वायरशिवाय वीज द्यायची कशी? याचं मूळ 1831 मध्ये आहे. मायकेल फॅरेडेने लोखंडी कड्यावर दोन वेगळी कॉइल गुंडाळली. एकीतला प्रवाह चालू-बंद केला की दुसरीत क्षणभर वीज यायची, दोघींचा एकमेकींना स्पर्शसुद्धा नसताना. तुमच्या फोनच्या वायरलेस चार्जरमध्ये आजही हेच चालतं. आणि मला आवडणारा किस्सा असा, की 1832 च्या जानेवारीत हा माणूस लंडनच्या वॉटर्लू पुलावर तांब्याची तार ताणून उभा! तारेच्या टोकांना पत्रे लावून टेम्समध्ये सोडलेले. वाहती नदी पृथ्वीच्या चुंबकत्वातून वीज बनवते का, ते बघायचं होतं. हाताला ठोस काही लागलं नाही. म्हणजे ‘पाण्यात प्रयोग नीट चालत नाही’ ही तक्रार जवळपास 200 वर्षं जुनी आहे.

खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे रेडिओलहरी त्यात जिरतात. वायफाय तर काही सेंटीमीटरमध्येच संपतं. अगदी जवळजवळ ठेवलेल्या दोन कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र मात्र टिकतं. फ्रिक्वेन्सी फार वाढवली तर पाण्यातच भोवरे-प्रवाह तयार होऊन वीज वाया जाते, तेवढं सांभाळायचं. फायदा हा की धातूचा उघडा प्लग लागत नाही. गंज नाही, शॉर्ट नाही.

2001 मध्ये अमेरिकी संशोधकांनी अशा यंत्रासाठी पाण्याखालचा तळ मांडला. कॉइलमधून सुमारे 200 वॉट, आणि डेटाही तसाच, स्पर्शाशिवाय. 2004 च्या सुमारास जपानमध्ये कावासाकीच्या ‘मरीन बर्ड’ने पाण्याखाली तळावर उतरून चार्जिंग घेतलं. खरी कसरत विजेची नसते, बरं का, पार्किंगची असते! माझा फोन चार्जरवरून बोटभर सरकला की सकाळी 12 टक्के. तिथे तर प्रवाह ढकलतोय, पाणी गढूळ, आणि कॉइलवर शेवाळ नि शिंपले चढलेले.

शिवाय त्या तळाला वीज कुठून मिळणार? बऱ्याचदा किनाऱ्यावरून आलेल्या केबलमधूनच, घारापुरीसारखी. माया तळापर्यंत पोहत जाऊ शकते. आर्गो फ्लोटला तेही जमत नाही. तो प्रवाह नेईल तिकडे जातो, आणि त्याच्या वाटेवर चार्जर नेमका कुठे लावायचा, हे आधी कुणालाच सांगता येत नाही.