मोठे इंजिन, जड नाक

अ‍ॅम्बॅसडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे जुने पेट्रोल इंजिन आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ते 'बी सीरीज' या ब्रिटिश कुळातले. याच कुळातले १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन १९६२ साली 'एमजीबी' या दोन आसनी, उघड्या टपाच्या स्पोर्ट्स गाडीत बसले. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथे १९८०पर्यंत, बंद टपाच्या 'जीटी' धरून, अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. त्यामुळे जुनी उघडी गाडी शोधणाऱ्यापुढे आजही प्रश्न येतो : इंजिन कोणते निवडावे?

मोठे इंजिन चांगले, असे कुणीही म्हणेल. कारखान्यानेही १९६७ साली तसा प्रयोग केला. जवळपास त्याच सांगाड्यात सहा सिलिंडरचे, २९१२ घनसेंटिमीटरचे इंजिन बसवून 'एमजीसी' काढली. शक्ती सुमारे ९५वरून १४५ अश्वशक्तीवर गेली. पण ओतीव लोखंडाचे हे इंजिन सुमारे ९५ किलोने जड होते, आणि तो भार गाडीच्या नाकात होता. सरळ रस्त्यावर गाडी सुसाट धावे. वळणावर मात्र नाक वळायला नाखूश असे. टीका झाली. १९६९ साली उत्पादन थांबले.

१९७३ साली तर ३५२८ घनसेंटिमीटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन आले. ते नाकाला जड झाले नाही. असे का? हे इंजिन अ‍ॅल्युमिनिअमचे होते, आणि अ‍ॅल्युमिनिअमची घनता लोखंडाच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे ते मूळच्या चार सिलिंडरच्या लोखंडी इंजिनापेक्षा जड नव्हते. मात्र कारखान्याने ते फक्त 'जीटी'मध्ये बसवले. तेव्हा त्या काळातली आठ सिलिंडरची उघडी एमजीबी कुणी विकायला आणली, तर ते इंजिन मागाहून बसवलेले आहे असे समजावे. ते काम कसे झाले, हे तपासलेच पाहिजे.

साधे १७९८चे इंजिन घ्यायचे, तर १९६४च्या अखेरीनंतरचे बरे. त्यात क्रँकशाफ्टला तीनऐवजी पाच बेअरिंगांचा आधार आहे.

पण इंजिनाआधी आणखी एक गोष्ट पाहावी. बुटांचा रिकामा खोका झाकण चिकटवून पिळून पाहा; मग झाकण काढून पिळा. फरक हाताला लगेच कळतो. उघड्या गाडीला छताचा आधार नसतो. एमजीबीला वेगळी चासी नाही. दारांखालच्या पोकळ पत्र्याच्या तुळयाच बराचसा ताण पेलतात. त्या गंजल्या की गाडी मधोमध वाकू लागते, दारे नीट बसत नाहीत. इंजिन काढून दुसरे बसवता येते. गंजलेला सांगाडा दुरुस्त करणे फार खर्चाचे.

म्हणून आम्ही म्हणतो : आधी गाडीखाली वाकून पाहावे, मग बॉनेट उघडावे. आणि बॉनेट उघडल्यावर इंजिन किती मोठे एवढेच न विचारता, ते किती जड आणि त्याचा भार कुठे पडतो, हेही विचारावे.