विदा, कागदी फीत आणि पुण्यातली एक कंपनी

‘डेटा’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत ‘विदा’ असा एक सुटसुटीत शब्द आहे. शब्द छान आहे, पण आमच्या लाखनीच्या बाजारात तो कुणी वापरत नाही. इथे पाट्या दिसतात त्या ‘ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’, ‘सातबारा, पीक विमा, पॅन कार्ड’ अशा. एक संगणक, एक प्रिंटर आणि समोर धानाच्या बांधीतून थेट आलेला शेतकरी. बघायला गेलं तर हीसुद्धा विदा-सेवाच. कागदावरची किंवा माणसाच्या तोंडची माहिती यंत्राला समजेल अशा रूपात नेऊन ठेवायची, हा या धंद्याचा गाभा. माझे कितीतरी माजी विद्यार्थी एमएस-सीआयटी करून यात शिरले. त्यातला कुणी भेटला की हल्ली एकच प्रश्न विचारतो : "सर, आता यंत्रच वाचायला आणि लिहायला लागलं. आमचं कसं होईल?"

इतिहास शिकवलेल्या माणसाला भविष्य विचारलं की तो मागे वळून बघतो. मीही तेच केलं. आणि मागे बघताना लक्षात आलं की हा प्रश्न या धंद्याला पहिल्यांदा पडलेला नाही. पन्नास वर्षांत तो निदान चार वेळा पडला. त्याचं चांगलं उदाहरण आपल्या पुण्यात घडलं आहे.

नरेंद्र पटनी हे रुरकीला विद्युत अभियांत्रिकी शिकून अमेरिकेत एमआयटी या संस्थेत गेले. तिथे त्यांचा संबंध प्रा. जे फॉरेस्टर यांच्याशी आला. संगणकाच्या चुंबकीय स्मृतीच्या शोधातलं हे मोठं नाव. त्या काळी अमेरिकेत संगणक पुष्कळ झाले होते, पण त्यांच्या पोटात माहिती भरायची म्हणजे माणसानेच ती टंकायची, आणि तिथली मजुरी महाग. पटनींच्या मनात आलं, हे काम भारतात का होऊ नये?

आता गंमत बघा. हे जमेल की नाही याची परीक्षा त्यांनी आणि त्यांच्या पत्नी पूनम यांनी घरातच घेतली. केंब्रिजमधल्या आपल्या राहत्या जागेत त्यांनी एका खोलीला ‘अमेरिका’ ठरवलं आणि दुसरीला ‘भारत’. नियम एकच : एका खोलीतून दुसऱ्या खोलीत काम पाठवायचं ते लेखी सूचनांसह. तोंडाने बोलायचं नाही. कारण खऱ्या भारतातला माणूस काही दाराआडून "हे काय लिहिलंय?" असं विचारू शकणार नव्हता. फोन महाग, टपालाला दिवस लागणार. तेव्हा सूचना अशी लिहायला हवी की वाचणाऱ्याला शंकाच उरू नये.

मी आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढल्या, म्हणून मला या प्रयोगाचं फार कौतुक वाटतं. आपल्याला स्पष्ट वाटलेला प्रश्न मुलांनी तीन तऱ्हांनी वाचलेला असतो, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाला आहे. या दांपत्याने दोन खोल्यांमध्ये नेमकी तीच अडचण आधी ओळखून सोडवली.

१९७२ साली त्यांनी अमेरिकेत कंपनी काढली. नावच ‘डेटा कन्व्हर्जन’, म्हणजे विदेचं रूपांतर. प्रत्यक्ष काम पुण्यात. यंत्र होतं फ्लेक्सोरायटर. दिसायला टंकयंत्रासारखं, पण कळ दाबली की कागदावर अक्षर उमटायचं आणि शेजारच्या कागदी फितीवर त्या अक्षराची छिद्रंही पडायची. ही फीत संगणक वाचू शके. चूक झाली तर? छिद्र काही बुजवता येत नाही. मग फीत मागे घेऊन त्या जागी सगळीच छिद्रं पाडायची. ती खूण दिसली की यंत्र ते अक्षर सोडून पुढे जाई. खोडरबराऐवजी भोकांनीच चूक खोडायची, अशी ती रीत!

याच सुमारास मुंबईत टाटांची कंपनीही अशाच कामाने उभी राहत होती. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या टीसीएसने, फ. चं. कोहली यांच्या देखरेखीखाली, सुरुवातीच्या काळात टाटांच्याच पोलाद कारखान्यासाठी छिद्रित कार्डांची कामं केली आणि बँकेच्या शाखाशाखांमधले हिशेब जुळवून दिले. आजच्या भव्य काचेच्या इमारतींच्या पायात अशी कार्डं आणि फिती आहेत, हे आपण विसरतो.

पण फितीचे दिवस थोडेच होते. पडद्यावर बघत थेट संगणकात टंकण्याची सोय आली आणि फीत मागे पडू लागली. धंदा टंकण्याचा धरून बसले असते तर पटनीही तिच्याबरोबर गेले असते. त्यांनी ग्राहकाकडे पाहिलं. ग्राहकाला माहिती भरून हवी होती हे खरं, पण पुढे त्या माहितीचं काही करून हवं होतं. त्यासाठी यंत्र हवं आणि यंत्राला आज्ञावली हवी.

१९७८ साली पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स ही कंपनी भारतात नोंदवली गेली. त्याच वर्षी परकीय चलन कायद्याच्या अटी न मानता आयबीएम भारत सोडून गेली. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते. देशातल्या संगणकाच्या बाजारात मोठी पोकळी झाली. पटनींनी डेटा जनरल या अमेरिकी कंपनीचे छोटे संगणक भारतात विकण्याचं काम घेतलं आणि त्यासोबत आज्ञावली लिहिणारा गट उभा केला. या गटाचे प्रमुख होते नारायण मूर्ती. नंदन निलेकणी याच कंपनीत मूर्तींच्या हाताखाली रुजू झाले.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. १९८१ मध्ये मूर्ती आणि त्यांचे सहा सहकारी बाहेर पडले आणि पुण्यातच त्यांनी इन्फोसिस काढली. सुधा मूर्तींनी दिलेल्या दहा हजार रुपयांची गोष्ट शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. दोन वर्षांनी कंपनी बंगळूरला गेली. आमच्याकडे पऱ्हे एका जागी टाकतात आणि रोवणी दुसऱ्या बांधीत करतात. तसंच हे झालं. पऱ्हे ज्या जमिनीत वाढले तिचं नाव मात्र कुणी घेत नाही.

जाणारे गेले, पटनी थांबले नाहीत. नव्वदच्या दशकात देशाची दारं उघडली आणि दर्जेदार आज्ञावली स्वस्तात लिहून देणारा देश म्हणून भारताचं नाव झालं. मग ‘वाय-टू-के’ आलं. जुन्या संगणकांत जागा वाचवायला साल दोनच आकड्यांत लिहिलेलं, त्यामुळे २००० साल आणि १९०० साल यंत्राला सारखंच दिसणार! लाखो ओळींच्या जुन्या आज्ञावल्या वाचून दुरुस्त करायचं हे कंटाळवाणं, पण अचूकतेचं काम भारतीय कंपन्यांनी केलं. पटनींचे मोठे ग्राहक म्हणजे जीई आणि स्टेट फार्म ही विमा कंपनी. २००४ मध्ये पटनींचे समभाग भारतीय बाजारात आले, २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात.

आणि नंतर? २०११ मध्ये आयगेट या कंपनीने पटनी कॉम्प्युटर्स सुमारे १.२ अब्ज डॉलरना विकत घेतली. काही काळ दोन्ही नावं जोडून चालली, मग ‘पटनी’ गळालं. २०१५ मध्ये फ्रान्सच्या कॅपजेमिनीने आयगेटच विकत घेतली. झालं, तेही नाव पुसलं गेलं.

तेव्हा, बदलत राहिलं की अमर होता येतं असा उपदेश मी करणार नाही. नाव गेलंच. पण फीत, पडदा, आज्ञावली, वाय-टू-के अशा प्रत्येक वळणावर यंत्रं बदलली, कामाचं रूप बदललं, माणसं बदलली, आणि तरी धंदा चाळीस वर्षं चालला. तो कशाच्या जोरावर? माझ्या मते, त्या दोन खोल्यांत शिकलेल्या धड्याच्या जोरावर. दूरच्या माणसाला नेमकं काय हवं ते समजून घ्यायचं, ते शंका न उरेल असं मांडायचं, आणि दिलेलं काम ताडून मगच सोपवायचं. बोटांचा वेग ही यातली सर्वात स्वस्त वस्तू होती. तीच आधी गेली.

हे मी आमच्या गावातही पाहिलं आहे. मी १९८१, १९९१ आणि २००१ अशा तीन जनगणनांत प्रगणक होतो. पहिल्या दोन वेळा आमचं अक्षर पुढे कुणीतरी माणूस वाचून यंत्रात भरणार होता. २००१ ला प्रशिक्षणात बजावलं गेलं की आकडे चौकटीतच, सुटे सुटे, रेघेला न लागता काढा. कारण ते आता यंत्रच वाचणार होतं. दहा वर्षांत एक मोठं टंकणकाम असं संपलं. २०२७ ची जनगणना तर मोबाइलवरच्या ॲपवर करायचं ठरलं आहे, म्हणजे कागदही गेला. पण "घरात माणसं किती?" असं विचारल्यावर कामासाठी नागपूरला गेलेल्या मुलाला मोजायचं की नाही, हे दारात उभ्या माणसालाच समजून घ्यावं लागतं.

सातबाऱ्याचंही तेच. हस्तलिखित सातबारा संगणकात गेला तेव्हा नावं चुकली, क्षेत्र चुकलं, कुठे वारसच गळाला. एका आकड्याच्या चुकीपायी शेतकऱ्याचं कर्ज अडतं, बहिणीचा हिस्सा बुडतो. २०१७ मध्ये सरकारने चावडी वाचनाची मोहीम घेतली. गावकऱ्यांसमोर सातबारा मोठ्याने वाचायचा आणि ज्याची जमीन त्यानेच चूक सांगायची. मला ही कल्पना कुठल्याही मोठ्या कंपनीच्या तपासणीपेक्षा कमी वाटत नाही.

तर माझ्या मुलांनो, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच. टंकण्याचं काम जाणार, ते वाचवायच्या नादी लागू नका. पण समोर बसलेल्या शेतकऱ्याला कोणता अर्ज खरंच हवा आहे, त्याच्या कागदात काय राहिलं आहे, यंत्राने भरलेला आकडा त्याच्या बांधीशी जुळतो का, हे पाहणारा माणूस गावाला लागणारच. उद्या त्या कामाचं नाव काय असेल, कोण जाणे. पाटी बदलावी लागेल, तेव्हा ती बदला. शेतकऱ्याला कागद वाचून दाखवल्याशिवाय मात्र ‘सबमिट’चं बटण दाबू नका.