दमसाधनेचा प्रवास: गोरखगड ते लोणावळे

सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी पसरलेल्या शहापूर-मुरबाडच्या मुलखात आज प्रथम नजरेत भरते ते भातसा नदीवरील धरण, आणि मुंबईची तहान भागविणाऱ्या त्या जलाशयाच्या आश्रयाने वसलेले भातसानगर. परंतु ही वसाहत कालपरवाची म्हणावी इतका जुना एक वारसा याच मुलखाच्या दुसऱ्या टोकास, मुरबाड तालुक्यातील देहरी गावाच्या माथ्यावर, गोरखगड आणि मच्छिंद्रगड या जोडसुळक्यांच्या रूपाने उभा आहे. गोरखगडाच्या कातळात खोदलेल्या प्रशस्त गुहेत गोरक्षनाथांनी साधना केली, अशी लोकश्रद्धा आहे. ती इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, ज्या नाथपंथाने श्वासाच्या नियमनास मोक्षमार्गाचे साधन मानले आणि ज्याची परंपरा गहिनीनाथ व निवृत्तिनाथ यांच्याद्वारे ज्ञानेश्वरांपर्यंत पोहोचली, त्या पंथाचे नाव या डोंगरांनी आजतागायत टिकविले आहे.

या साधनेचा हेतू मात्र फुप्फुसांची दुरुस्ती हा नव्हता. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने रचलेल्या ‘हठप्रदीपिके’त कपालभाती ही शुद्धिक्रिया येते, भस्त्रिका आणि उज्जायी हे कुंभक येतात, उज्जायीने कंठातील कफदोष हटतो असेही सांगितले आहे, परंतु तंबाखू ओढणाऱ्याचा उल्लेख तेथे असणे शक्यच नव्हते, कारण तंबाखूच मुळी या देशात नंतर आली. विजापूरहून परतलेल्या असद बेगाने अकबराच्या दरबारी ती सादर केली ती सतराव्या शतकाच्या आरंभी, आणि 1617 मध्ये जहांगिराने तिच्याविरुद्ध फर्मान काढले. फर्मानाचा अंमल किती झाला हे सांगावयास नको. मुंबई बेटावर तर पुढे तंबाखूच्या विक्रीचा मक्ताच दिला जाऊ लागला, आणि सरकारच्या तिजोरीस एखाद्या व्यसनाची चव लागली म्हणजे बंदीच्या गोष्टी दप्तरात पडून राहतात. गंमत अशी की, प्राणायामाचा वारसा सांगणारे कित्येक गोसावी-जोगीही धुनीजवळ बसून चिलीम ओढण्यात मागे राहिले नाहीत.

रानातल्या माणसाच्या हाती आली ती बिडी. तिला लागणारे आपट्याचे आणि टेंभुर्णीचे पान रानातच मिळते, म्हणून ती स्वस्त. शिवाय हे पान कागदाहून कमी सच्छिद्र असल्यामुळे आणि ती वारंवार विझत असल्यामुळे ओढणाऱ्यास झुरके अधिक जोराने व अधिक वेळा घ्यावे लागतात. म्हणूनच तंबाखू थोडी असूनही तिचे विष थोडे नसते. तथापि शहापूर-मुरबाड भागातील कातकरी, ठाकूर वा कोळी माणसाच्या छातीचा सारा दोष एकट्या बिडीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. भाताच्या दाढीसाठी जाळला जाणारा राब, कोळशाची भट्टी आणि झोपडीतील ओल्या लाकडांची चूल, असा धूर जन्मापासून त्याच्या वाट्यास येतो. चढणीवर धाप लागू लागली की मग लोक त्या धापेस ‘दमा’ म्हणून मोकळे होतात.

गिरिगुहेतील श्वासविद्या प्रयोगशाळेत आणण्याचे श्रेय महाराष्ट्रात मुख्यतः स्वामी कुवलयानंदांकडे, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांच्याकडे जाते. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजींचे हे शिष्य. बडोद्यास क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान व नौली या पोटाच्या यौगिक क्रियांचा अभ्यास करून त्यांनी 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौलीच्या वेळी पोटात उत्पन्न होणाऱ्या निर्वातास त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. परंतु मला त्यांचे मोठेपण वाटते ते निराळ्याच गोष्टीत: प्राणायामाने शरीरास प्राणवायू कितीतरी अधिक मिळतो, ही भक्तांची आवडती समजूत त्यांनी स्वतःच्या मोजमापांनी तपासली आणि ती खरी नसल्याचे निःसंकोच लिहिले. आपल्याच पक्षाचा दावा असा खोडून काढणारा साधक विरळा.

मग धूम्रपानाने जर्जर झालेल्या छातीस या साधनेचा उपयोग काय? श्वासाचे स्नायू बळकट होतात, दीर्घ रेचकाने छातीत अडकलेली हवा अधिक बाहेर पडते, धाप लागली असता मनाचा थारा सुटत नाही. एवढे पदरात पडते आणि ते क्षुल्लक नव्हे. मात्र धुराने नष्ट झालेले वायुकोश कोणत्याही कुंभकाने पुन्हा उत्पन्न होत नाहीत. शिवाय चुकीच्या प्राणायामाने उचकी, श्वास आणि खोकला उद्भवतात, असा इशारा ‘हठप्रदीपिके’नेच दिलेला आहे, म्हणून दम्याच्या रोग्याने ऐकीव माहितीवर भस्त्रिकेचे भाते फुंकू नयेत, वैद्यास विचारावे. बिडी सोडणाऱ्याच्या फुप्फुसांचा ऱ्हास मंदावतो, हे आधुनिक वैद्यकाने सिद्ध केले आहे. बिडी न सोडता केलेल्या प्राणायामाने तो मंदावतो, असे कोणीही सिद्ध केलेले नाही.