मुदत संपलेला व्हिसा आणि नागपूरची वाट

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याला दोन मुदती सांभाळाव्या लागतात. पासपोर्टावरचा व्हिसा अमेरिकी वकिलात देते आणि तो देशाच्या दारापर्यंत नेतो. आत किती दिवस राहायचे हे आय-९४ या नोंदीवर ठरते. नोकरीची मुदतवाढ अमेरिकेत बसूनच मिळते, तिच्यासोबत नवी आय-९४ येते. पासपोर्टावरचा व्हिसा मात्र जुनाच राहतो. म्हणून व्हिसा संपून वर्षे लोटली तरी तिथला मुक्काम कायदेशीर असू शकतो. पेच पडतो तो देशाबाहेर जाऊन परत येताना.

त्यावर एक जुनी सवलत आहे. कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवसांपेक्षा जास्त न राहता परतणाऱ्याचा संपलेला व्हिसा आपोआप वाढल्याचे मानले जाते. आय-९४ची मुदत शिल्लक हवी आणि ती हवाई कंपनीच्या काउंटरवर दाखवता यायला हवी, ही मुख्य अट. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या आणि तिथेच एच-१बी मिळवलेल्या अभियंत्यालाही ती लागू पडते. भारतीयाला कॅनडाचा व्हिसा आधी काढावा लागतो, ही वेगळी कटकट. पण नायगारा पलीकडच्या काठावरून पाहून परतणाऱ्याला मिळणारी ही मुभा आठवड्याभरासाठी नागपूरला लग्नाला येणाऱ्याला नाही. भारत अमेरिकेचा शेजारी नाही, आणि सवलत शेजारापुरतीच आहे.

नागपूरचा या व्हिसाशी संबंध अभियांत्रिकी शिक्षणातून आला. १९४२मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था सुरू झाली आणि १९६०मध्ये विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजचे व्हीएनआयटी. एच-१बी हा प्रकार अमेरिकेच्या १९९०च्या कायद्याने आला. त्याची वार्षिक मर्यादा ६५ हजार होती. संगणक क्षेत्राच्या भरभराटीत ती २००१ ते २००३ या आर्थिक वर्षांसाठी १ लाख ९५ हजारांवर नेली गेली. त्या लाटेत गेलेल्यांना व्हिसा नव्याने घेण्यासाठी भारतात यावेच लागेल असे नव्हते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे पासपोर्ट टपालाने पाठवला की नवा व्हिसा लागून परत यायचा. दुसरी वाट होती सीमेपलीकडच्या तिहुआना किंवा व्हँकूव्हरसारख्या शहरातल्या अमेरिकी वकिलातीची. तिथे अर्ज फेटाळला गेला, तरी ३० दिवसांच्या सवलतीवर परत फिरता येई.

११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर या दोन्ही वाटा आवळल्या गेल्या. १ एप्रिल २००२पासून कॅनडा-मेक्सिकोत नव्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्याला सवलत नाकारण्यात आली. तिहुआनात नकार मिळालेल्याला अमेरिकेतल्या घरी परतता येईना. थेट मायदेश गाठावा लागे. पुढे व्हिसासाठी बोटांचे ठसे सक्तीचे झाले आणि टपालाने ठसे देता येत नाहीत, म्हणून १६ जुलै २००४पासून देशांतर्गत नूतनीकरणही बंद झाले. पासपोर्टावर नवा व्हिसा लावून घेणे, म्हणजे ‘स्टॅम्पिंग’, हा भारतभेटीचा अटळ भाग झाला तो तेव्हापासून.

नागपूरकराला त्यासाठी आणखी एक प्रवास पडतो, कारण शहरात अमेरिकी वकिलात नाही. मुंबईची वकिलात आधी ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमध्ये होती, २०११मध्ये ती वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. रेल्वेने हे अंतर ८०० किलोमीटरांहून जास्त. २००८मध्ये हैदराबादला वकिलात उघडली. ती पाचशे किलोमीटरांच्या आसपास असल्याने, भारतातल्या कोणत्याही वकिलातीत अर्ज करण्याची मुभा मिळाल्यावर विदर्भातल्या अर्जदारांना जवळची ठरली. २०१२मध्ये मुलाखतीशिवाय नूतनीकरणाची, म्हणजे ‘ड्रॉपबॉक्स’ची सोय झाली आणि सुटीतले हे काम बरेच हलके झाले.

त्या सोयीवर किती विसंबायचे, हे महासाथीत कळले. मार्च २०२०मध्ये वकिलातींचे नेहमीचे काम थांबले. जूनमध्ये निघालेल्या आदेशाने नव्या एच-१बी व्हिसावरचा प्रवेश रोखला आणि ती बंदी मार्च २०२१ अखेर चालली. ४ मे २०२१पासून भारतातून येणाऱ्या बहुतेकांवर वेगळे निर्बंध आले. दुसऱ्या लाटेत नागपूरची रुग्णालये भरून वाहत होती. अशा वेळी आईवडिलांजवळ येणे म्हणजे नोकरीवर परत कधी जाता येईल हे ठाऊक नसताना येणे.

जून २०२३मध्ये पंतप्रधान मोदींच्या वॉशिंग्टन भेटीत अमेरिकेतच व्हिसा नूतनीकरणाची घोषणा झाली. जानेवारी २०२४च्या अखेरीस सुरू झालेल्या प्रयोगात फक्त २० हजार जागा होत्या. त्यातला अर्धा वाटा ठरावीक काळात भारतात दिल्या गेलेल्या व्हिसांसाठी, उरलेला कॅनडात दिलेल्यांसाठी. इतक्या जुन्या गैरसोयीवर हा उपाय तुटपुंजाच होता.

नंतर वारे उलटे फिरले. २ सप्टेंबर २०२५पासून एच-१बीसाठी ड्रॉपबॉक्स बंद होऊन मुलाखत पुन्हा सक्तीची झाली. त्याच महिन्यात बिगर-स्थलांतरित व्हिसाच्या अर्जदारांनी आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्यावी, अशी सूचना निघाली. १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि कुटुंबीयांच्या एच-४ अर्जांसाठी समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाली. तपासणीला वेळ लागतो म्हणून भारतातल्या वकिलातींनी डिसेंबरमधल्या अनेक मुलाखती २०२६वर ढकलल्या. नाताळच्या सुटीत दोन-तीन आठवड्यांसाठी आलेले अनेक जण त्यामुळे भारतातच अडकले. त्यांच्या तिकडच्या घराचे भाडे चालू राहिले, मुलांच्या शाळा सुरू झाल्या आणि ज्यांच्या कंपन्यांनी मान्य केले त्यांनी इथून रात्रपाळीने काम केले.