जुलाबातून जन्मलेला स्टेक

आज लढाईची नाही, लंगरची गोष्ट सांगतो.

सॉल्सबरी स्टेक हा अमेरिकेतला घरगुती पदार्थ. गोमांसाच्या खिम्याची लांबट टिक्की, वर कांदा-मशरूमची दाट तपकिरी ग्रेव्ही, बाजूला कुस्करलेला बटाटा. आपल्यापैकी बरेच जण हे मांस खात नाहीत, मीही नाही. पण त्याचं मूळ फौजेच्या पोटदुखीत आहे, म्हणून तो माझ्या विषयात बसतो.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. जुन्या गणतीप्रमाणे सुमारे ६ लाख २० हजार सैनिक मेले. त्यांतले जवळपास दोन तृतीयांश गोळीनं नव्हे, रोगानं गेले. जुलाब आणि आमांश त्यात आघाडीवर. शिधा म्हणजे दगडासारखी बिस्किटं, खारवलेलं डुकराचं मांस, राजम्यासारख्या शेंगांचे दाणे आणि कॉफी.

डॉ. जेम्स सॉल्सबरी यांचा संशय या शिध्यावर. १८५४ मध्येच त्यांनी स्वतः फक्त असे दाणे खाऊन पाहिले होते. तीन दिवसांत पोट फुगलं, डोकं गरगरलं. निष्कर्ष काढला, की पिष्टमय अन्न पोटात आंबतं आणि त्याचंच विष होतं. उपाय म्हणून चरबी आणि शिरा काढलेल्या गोमांसाची भाजलेली टिक्की दिवसातून ३ वेळा, आणि जेवणाआधी गरम पाणी. १८८८ मध्ये त्यांनी यावर जाडजूड ग्रंथच लिहिला.

निदान चुकलं होतं. रोग पसरत होता मैल्यानं दूषित झालेल्या पाण्यातून. पाणी उकळलेलं असेल, तर तेवढाच भाग कामाचा.

मला मात्र त्यांना हसवत नाही. कॅप्टन असताना माझ्या चौकीवर एका आठवड्यात बारा जवान जुलाबानं आडवे झाले. मी कुकला झापलं, डाळ बदलायला लावली. नंतर आमचे डॉक्टर नाल्याकाठानं वर चालत गेले. आमचे शौचखड्डे पाण्याच्या जागेच्या वरच्या अंगाला होते. ती जागा मीच ठरवली होती. कुकची माफी मागायला मला दोन दिवस लागले.

पुढे १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली. जर्मन वाटणारी नावं नकोशी झाली आणि काही ठिकाणी 'हॅम्बर्ग स्टेक' सॉल्सबरीच्या नावानं विकला जाऊ लागला. मग टिक्कीत पावाचा चुरा शिरला, ग्रेव्ही दाट करायला पीठ आलं. आज अमेरिकी सरकारी नियमाप्रमाणे त्यात किमान ६५ टक्के मांस असलं की पुरे. डॉक्टरसाहेबांनी रुग्णाला मना केलेलं पिष्ट आता त्यांच्याच नावाच्या ताटात असतं, आणि शेजारी बटाटाही.