मोगलाई लागून गेली काय?

चाकणला पाळी सुटली की गेटसमोरच्या टपरीवर हा प्रश्न अधूनमधून कानावर येतो. रविवारची सुट्टी न विचारता रद्द झालेली असते, नाहीतर खोलीमालकाने मध्येच भाडं वाढवलेलं असतं. आणि हायवेवरच्या हॉटेलांच्या पाट्यांवर तोच शब्द बिर्याणीला लावून गिऱ्हाईक बोलावत असतो!

खऱ्याखुऱ्या मोगलांची चाकणशी ओळख जुनी. १६६०च्या भर पावसाळ्यात शाहिस्तेखानाने इथल्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी तो ५० दिवसांहून अधिक झुंजवला. शेवटी भुयार खणून सुरुंग लावला, बुरूज उडाला, तेव्हा कुठे किल्ला पडला. मोगलांनी चाकणचं नावही बदललं, इस्लामाबाद केलं. ते काही टिकलं नाही.

पण शब्दात आजची धार निव्वळ या लढायांनी आली, असं मला वाटत नाही. पेशव्यांची पेशवाई, तशी मोगलांची मोगलाई. घडणीत शिवी कुठेच नाही. दफ्तरात तर हा साधा महसुली शब्द. १७१९मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून सनदा आणल्या आणि दख्खनचे कागदोपत्री दोन भाग पडले. शिवाजी महाराजांच्या वेळचा बहुतेक मुलूख ते स्वराज्य, उरलेली मोगलाई. या मोगलाईत मराठ्यांचा चौथाईचा आणि सरदेशमुखीचा हक्क. म्हणजे पीक एक आणि दारात वसुलीला माणसं दोन सरकारांची. एकाला भरलं म्हणून दुसरा सुटका करील याची खात्री नाही, आणि गाऱ्हाणं न्यावं तर कोणाकडे? माझ्या मते शब्द बिघडला तो इथे. म्हणून तर मोगलाई म्हणजे नुसता जुलूम नव्हे. जुलूम आणि बेबंदशाही एकाच दावणीला. 'हुकूमशाही' म्हटलं की निदान हुकूम कोणाचा ते तरी कळतं.

(चिंचवडच्या देवांची दंतकथा मात्र उलट बोलते: आलमगीर बादशहाने चमत्कार पाहून देवस्थानाला आठ गावं इनाम दिली म्हणे. इनामदाराची मोगलाई वेगळी, कुणब्याची वेगळी.)

पुढे दख्खनचा सुभेदार निजाम स्वतंत्र झाला, तरी मराठी कागदांत तो 'मोगल'च राहिला आणि त्याचा मुलूख मोगलाई. मराठवाड्याला हे नाव दिल्लीची पातशाही संपल्यावरही चिकटून होतं. निजामाचं राज्य बुडालं १७ सप्टेंबर १९४८ला. आज चाकण-भोसरीच्या कारखान्यांत लातूर, नांदेड, परभणीकडची पोरं पाळ्या करतात. त्यांच्या आज्या-पणज्यांना मोगलाई ही तक्रार नव्हती, गावाचा पत्ता होता.

संग्रामदुर्गाच्या तटाचे अवशेष चाकण गावात अजून उभे आहेत. पुढच्या सुट्टीला जाऊन बघा, तीही रद्द झाली नाही तर.