ढळणारा षड्ज



आपल्या रागसंगीतांत तंबोऱ्याचा षड्ज आरंभापासून अखेरपर्यंत ढळत नाहीं. तो षड्जच गाण्याच्या मध्यावर जागा सोडूं लागला, तर तान घेणाऱ्यानें काय करावें? अमेरिकेंतील जाझवादकापुढें हा प्रश्न नित्य उभा असतो. त्याचें एक संस्मरणीय उत्तर ११ ऑक्टोबर १९३९ रोजीं न्यूयॉर्क येथें मिळालें. त्या दिवशीं कोलमन हॉकिन्स यांनीं सॅक्सोफोनवर 'बॉडी अँड सोल' या गाण्याची ध्वनिमुद्रिका केली.

जॉनी ग्रीन यांनीं १९३० सालीं बांधलेल्या या चालीचें एक आवर्तन ३२ खंडांचें असून प्रत्येक खंडांत चार मात्रा असतात. आठ-आठ खंडांचे चार भाग पडतात. पहिला, दुसरा व चौथा बहुतांशीं सारखे, तिसरा निराळा. चालीखालीं एकाच वेळीं वाजणाऱ्या तीन-चार स्वरांचे संघ पुढें सरकत असतात. आरंभीं षड्जाचा संघ येत नाहीं. ऋषभाचा येतो, पुढें पंचमाचा, आणि त्यावरून आपण षड्जावर उतरतों. तिसऱ्या भागांत मात्र षड्जच अर्ध्या स्वरानें वर चढतो. मूळचा षड्ज तेथें शुद्ध निषाद ठरतो. क्षणापूर्वीं जें विसाव्याचें स्थान होतें, तेंच आतां अस्वस्थ होतें. मग षड्ज एक पूर्ण स्वर खालीं येतो, आणि शेवटीं अर्ध्या-अर्ध्या स्वरानें उतरणारे संघ आपणांस मूळ मुक्कामीं पोंचवितात.

हॉकिन्स यांनीं दोन आवर्तनें वाजविलीं. मूळ चाल आरंभींच्या कांहीं खंडांत ओझरती दिसते; पुढें ती जवळजवळ लोपते. त्यांनीं प्रत्येक संघाचे स्वर सुटे करून एकामागून एक मांडले. जणूं उभी रास आडवी पसरली. ऐकणाऱ्यास गाणें हरवल्यासारखें वाटत नाहीं, कारण खालची स्वरवाट तीच असते. ही मुद्रिका लोकांनीं उचलून धरली. पुढें १९४५ सालीं चार्ली पार्कर यांनीं 'चेरोकी' या गाण्याची चाल टाकून केवळ त्याच्या संघांवर 'को-को' उभारलें.

जाझ म्हणजे स्वैर धांगडधिंगा, असा समज सुशिक्षित घरांतूनही आढळतो. त्यांनीं ही मुद्रिका खंड मोजीत एकवार ऐकावी. तेथील स्वातंत्र्य अभ्यासावांचून मिळत नाहीं. वादकानें चाल सोडली तरी चालतें. वाट विसरून चालत नाहीं.